दारातल्या बाईचं वाक्य

१

रविवारी दुपारी आमच्या घरी भुतांचे पिच्चर लागायचे, आणि ते हसण्यासाठी लागायचे.

ही पद्धत पप्पांनी पाडली. मी लहान असताना टीव्हीवरची एक चेटकीण बघून पलंगाखाली जाऊन बसले होते. पप्पांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि चेटकिणीच्या तोंडी आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्या मावशीचं बोलणं घातलं. पडद्यावर ती सुळे दाखवत होती आणि पप्पा म्हणत होते, "मेथी घ्या वो बाई, ताजी हाय, परवाचीच!" मी पलंगाखालून बाहेर आले. "भूत-बित आपल्यात मानत नसतेत," पप्पा म्हणाले. "अन् भ्या वाटलंच, तर आधी त्याचा आवाज बंद करायचा."

नंतर पप्पांची बदली धर्माबादला झाली. पद्धत मात्र राहिली. माझी मोठी बहीण लुंबिनीताई आणि शेजारच्या गल्लीत राहणारा आमचा चुलतभाऊ प्रीतमदादा, या दोघांनी तिचं यूट्यूब चॅनल केलं. एखादा जुना, रद्दी भयपट घ्यायचा, त्याचा आवाज काढून टाकायचा आणि वर आमच्या अहमदपूरच्या बोलीतले डायलॉग चढवायचे. ताई सगळ्या बायांचे आवाज काढायची, दादा सगळ्या पुरुषांचे आणि कुत्र्यांचे.

मी वाक्यं लिहायचे. आवाज मी कधीच दिला नाही. वर्गात हजेरी घेतानाही माझं 'हजर' बाईंपर्यंत पोचत नाही, माइकसमोर तर घसा नुसता बंदच होतो. पण ओठ मला वाचता येतात. पडद्यावरचं तोंड किती वेळ हललं, कुठे मिटलं, शेवटी ओठ गोल झाले की फाकले, हे मी बघायचे आणि त्यात बसेल असंच वाक्य द्यायचे. ते मी आईकडून शिकले.

आईचे कान लहानपणी तापात गेले. तोवर बोलणं आलेलं होतं, म्हणून ती बोलते. आवाज जरा सपाट आणि मोठा येतो, एवढंच. आमचं बोलणं ती तोंडाकडे बघून ओळखते. त्यामुळे आमच्या घरात कुणी पाठ फिरवून बोलत नाही. आईशी बोलायचं तर तिने तुमच्याकडे बघितलं पाहिजे. मला ते आवडायचं. बाहेर कुणाला ऐकू न जाणारी मी, आईला मात्र पुरी ऐकू यायचे.

आवाज बंद केलेला पिच्चर आईला आणि आम्हाला सारखाच दिसायचा. कुलरसमोर सूप घेऊन ती शेंगा फोडत बसायची आणि सगळ्यांत आधी हसायची.

२

त्या रविवारी बंगल्याचा पिच्चर होता. प्रीतमदादाने पेनड्राइव्हवर कुठून तरी आणलेला. डोंगरावर बंगला, लाल-हिरवे दिवे, कापसाची कोळिष्टकं. भुताच्या तोंडाला इतकं पांढरं फासलेलं की ताई म्हणाली, "हिला पिठाच्या गिरणीतून उचलून आणली का काय?"

"अन् ते वटवाघूळ बघ," दादा म्हणाला. "मोडकी छत्री हाय ती. दोरी दिसायली की!"

"दिसू दे. वाळू घालू तिच्यावर धुणं."

आई तोंडाला पदर लावून हसत होती.

मग तो जेवणाचा सीन आला. बंगल्यात एकटाच राहिलेला हिरो लांबलचक टेबलावर बसून कोंबडी खातोय. कोंबडी प्लास्टिकची, सुरी लागली की टण्णकन उडेल अशी. त्याच्या मागे दार हळूहळू उघडतं आणि ते पिठाळलेलं भूत दारात उभं राहतं. हिरो वळून बघतो आणि तोंड उघडतो. मूळ पिच्चरमध्ये तो किंचाळत असणार.

"थांबीव," ताई म्हणाली. दादाने थांबवलं. "पुनम, जेवायच्या टायमाला माणूस दारात आलं, तर काय म्हणायचं असतंय?"

मी काही बोलायच्या आत तिघांनीही एकदम म्हटलं, आईनेसुद्धा, "या जेवाया!"

खूप हसलो. आमच्याकडे हे म्हणावंच लागतं. ताटावर बसलेलं असताना पोस्टमन येवो, शेजारीण येवो, वाट चुकलेला माणूस येवो, घास हातात धरून 'या जेवाया' म्हणायचं. समोरच्याने 'होऊ द्या, सावकाश होऊ द्या' म्हणायचं. मग कुणी उपाशी असो की भरल्या पोटी, मान दिला गेलेला असतो आणि आपण पुढचा घास घेतो. बोलावलं म्हणून कुणी येऊन बसत नाही.

मी वाक्यं लिहिली. हिरो घाबरून थरथरतोय, ओठ फाकलेत, दादाने थरथरत म्हटलं, "या, या जेवाया, बाई!" भुताने पंजे वर केले, जबडा हलवला, ताईने नाकातून आवाज काढला, "होऊ द्या, सावकाश होऊ द्या. आताच दोन माणसं खाऊन आले."

दादा लोळायला लागला. मी आईकडे बघितलं. आई हसत नव्हती. तिच्या हातातली शेंग तशीच होती.

"अन् तिचं?" आई म्हणाली.

"कुणाचं, काकू?" दादाने तिच्यासमोर येऊन विचारलं.

"माघं हाय ती बाई. तिलाबी बोलवलं की तुम्ही. ती कामून काई म्हणंना?"

आम्ही टीव्हीजवळ गेलो. भुताच्या खांद्यामागे, दाराच्या अंधाऱ्या भागात, अजून एक बाई उभी होती. डोक्यावरून पदर. चेहऱ्याच्या जागी नुसती सावली, फक्त हनुवटी आणि ओठ तेवढे उजेडात. ओठ मिटलेले.

"एक्स्ट्रा हाय ती," दादा म्हणाला. "चुकून कॅमेऱ्यात आली आसंल. हिला डायलॉगच न्हाई दिलेत, काकू, ती काय बोलंल?"

आईने मान हलवली, पण ती पडद्याकडेच बघत राहिली. "बोलवल्यावर माणसानं काई तरी म्हणावं," ती म्हणाली.

३

अशा पिच्चरांच्या चुकांवर तर आमचं चॅनल चालायचं. खिडकीबाहेर ऊन आणि दारात रात्र. मेलेला माणूस मागे उभा राहून पाणी पितोय. म्हणून वाक्यं जुळवताना मला ती बाई पुन्हा दिसली, तेव्हा मी ती चूकच धरली.

भूत निघून जातं, पुढच्या सीनमध्ये सकाळ होते. हिरो त्याच टेबलावर चहा पितो. दाराशी ती बाई होतीच. मी दादाला दाखवलं.

"शूटिंग संपल्यावर घरी जायाचं विसरली," दादा म्हणाला. "बस चुकली आसंल तिची."

मी हसले. पण एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही. रविवारी ती चौकटीच्या पलीकडे होती. आता चौकट तिच्या पाठीमागे होती.

मला वाटलं, मीच नीट बघितलं नसेल. पुन्हा मागे जाऊन बघायचं मनात आलं आणि मी बघितलं नाही. बाहेर ताई मोठ्याने भुताचं वाक्य घोकत होती, कुलर घरघरत होता, शेजारच्या गच्चीवर कुणी तरी कुरड्या घालत होतं. ऊन इतकं होतं की घाबरायची लाज वाटत होती.

व्हिडिओ चढवला. लोकांना आवडला. 'आमच्या गावचं भूत लई संस्कारी' असं कुणी तरी लिहिलं. दारातल्या बाईबद्दल कुणीच काही लिहिलं नाही.

४

मार्चपासून शाळा सकाळची झाली. मी दुपारी घरी यायचे तेव्हा ताई लातूरला कॉलेजात असायची. आई एकटीच असायची, आणि तिचं नुकतंच जेवण झालेलं असायचं.

एक दिवस मोरीत बघितलं तर दोन ताटं धुऊन पालथी घातलेली.

मी आईच्या समोर जाऊन विचारलं, "कोण आलतं?"

"बाई आलती."

"कोणती बाई?"

"तुम्हीच बोलवलं की तिला." आई अगदी सहज म्हणाली, जसं शेजारणीबद्दल सांगावं तसं. "बिचारी लाजरी हाय. तुझ्यावानी. तोंड उघडत नव्हती आधी."

मी हसायचा प्रयत्न केला. आईला चेष्टा करायची सवय आहे. आमची चेष्टा आमच्यावरच उलटवली असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण त्या दुसऱ्या ताटालाही चटणीचा वास होता.

नंतर रोज दोन ताटं. मी लवकर घरी यायला लागले. धावत. एकदा मधल्या खोलीत पोचले तेव्हा स्वयंपाकघरातून आईचं हसणं ऐकू आलं. आई फक्त कुणाचं तरी तोंड बघूनच हसू शकते. मी दारात गेले तर आई एकटी होती. समोर ताट, ताटात अर्धी भाकरी, आणि मागचं दार उघडं. बाहेर हौदाजवळ ओली जमीन, वर ऊन. कुणी नव्हतं.

आईने मला बघितलं. पण तिचं बघणं माझ्या तोंडावर थांबलं नाही. ते माझ्या बाजूने सरकून पुन्हा त्या मागच्या दाराकडे गेलं.

त्या दिवसापासून तसंच होत गेलं. मी बोलायचे आणि आई दाराकडे बघत असायची. मी तिच्या हनुवटीला हात लावून तोंड माझ्याकडे वळवायचे, तर ती वळवू द्यायची, आणि मी वाक्य पुरं करायच्या आत मान परत फिरायची. आपली भाकरी ती त्या दुसऱ्या ताटात वाढायची. तिच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

फोनवर पप्पा म्हणाले, "एकटी पडायली ती. मी आलो की नांदेडला मोठ्या डॉक्टरला दाखवू. तवर ती पिच्चरं बंद करा बरं." ताईने व्हिडिओ काढून टाकला. दादाने पेनड्राइव्ह खिशात घातला. मोरीत दोन ताटं पालथी पडतच राहिली.

ताई कॉलेजात, पप्पा धर्माबादला. आई त्यांच्याकडे बघत नाही हे त्यांना कळायला वेळ लागला असता. मला लगेच कळलं, कारण मला दुसरं कुणी ऐकतच नव्हतं.

५

"तिनं 'होऊ द्या' म्हणलं न्हाई," मी ताईला आणि दादाला सांगितलं. "आपण बोलवलं, तिनं नको म्हणलं न्हाई. म्हणून येती ती."

एवढं लांब मी त्यांच्यासमोर क्वचितच बोलले असेन. दादा हसायला गेला आणि ताईकडे बघून थांबला. आई स्वयंपाकघरात होती, आमच्याकडे पाठ करून. तिचे खांदे हसल्यासारखे हलत होते.

"भूत-बित न्हाई मानत आपण," ताई हळू आवाजात म्हणाली. तिला आई ऐकणार नव्हती, तरीही.

"मी कुठं भूत म्हणायले? वाक्य द्यायचं राहिलंय म्हणते. आपण देऊ."

दादाने पेनड्राइव्ह लावला. आवाज बंद. टेबल, प्लास्टिकची कोंबडी, हिरो, पिठाळलेलं भूत. आता त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. कापूस कापसासारखाच होता, दोरी दोरीसारखीच, आणि त्या सगळ्या खोट्यामध्ये ती बाई टेबलापाशी, हिरोच्या समोरच्या खुर्चीमागे उभी होती. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. बसायच्या बेतात असल्यासारखी.

"दादा," ताई म्हणाली, "ही हितं नव्हती."

जोक करायला म्हणून दादाचं तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

"तू बोल, ताई," मी म्हणाले.

ताईने प्रयत्न केला. 'होऊ द्या' म्हटलं. पण पडद्यावर ताईच्या आवाजाला आधीच एक भूत होतं. त्या पिठाळलेल्या भुतानेच जबडा हलवला आणि बाईचे ओठ मिटलेलेच राहिले. "तिच्यावर बसंना मपला आवाज," ताई म्हणाली. "म्या आधीच एकीला दिलाय." दादाचा आवाज बाईला कसा चालणार?

मग दोघेही माझ्याकडे बघायला लागले.

माइक माझ्या तोंडासमोर होता. घसा नेहमीसारखा बंद झाला. मी स्वयंपाकघराकडे बघितलं. आई आपल्या ताटातली भाकरी मोडून कुणाला तरी वाढत होती.

"होऊ द्या," मी म्हणाले. "सावकाश होऊ द्या."

आवाज निघाला. स्वच्छ, पुरा. मला स्वतःलाच तो नवा वाटला.

आणि पडद्यावर तिचे ओठ हलले. मी इतकी वाक्यं बसवली आहेत; थोडं मागेपुढे होतंच, एखादं अक्षर सुटतंच. इथे काही सुटलं नाही. 'होऊ'ला ओठ गोल झाले, 'द्या'ला फाकले, 'सावकाश'नंतर मी जिथे श्वास घेतला तिथेच तिनेही घेतला. जणू ती हेच म्हणत आली होती आणि फक्त आवाजासाठी थांबली होती.

मग भूत निघून गेलं, दार रिकामं झालं. खुर्चीमागेही कुणी नव्हतं. हिरो एकटाच कोंबडी खात होता.

"गेली!" दादा ओरडला. "आयला, गेली! पुनम, लेकी, मोठी आर्टिस्ट निघालीस की तू!"

ताईने मला मिठी मारली. ती रडत होती. मीही हसले आणि 'सुटलो' म्हणायला तोंड उघडलं. आवाज बाहेर आला नाही. नेहमीचंच, मला वाटलं. घसा बसला असेल.

त्या संध्याकाळी आईने घरातल्यांपुरतीच ताटं घेतली. माझं ताट माझ्यासमोर ठेवलं. बारशाला पप्पांनी त्याच्यावर माझं नाव कोरून घेतलंय. मागचं दार तिने स्वतःच लावलं. जेवताना तिने एकदा वर बघितलं, नीट माझ्या ओठांवर, खूप वेळ. मला वाटलं, आई परत आली. आता कळतं, ती ओठ ओळखायचा प्रयत्न करत होती.

६

दुसऱ्या दिवशी शाळेत हजेरीला मी 'हजर' म्हटलं. बाईंनी वर बघितलं नाही. पुन्हा म्हटलं. माझ्या नावापुढे त्यांनी काय मांडलं ते मला दिसलं नाही. शेजारच्या मुलीने माझ्या बाकावर स्वतःचं दप्तर ठेवलं. मी सरकून बसले. भांडायचा माझा स्वभाव नाही.

दुपारी घरी आले. गल्ली सामसूम. पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं. मधल्या खोलीत कुलर चालू, टीव्ही बंद. स्वयंपाकघरातून ज्वारीच्या गरम भाकरीचा वास येत होता आणि आई बोलत होती. मोठ्या, सपाट, आनंदी आवाजात.

"खा की अजून. शाळेतून आलीस, भूक लागली आसंल. कशी वाळलीस बघ, माय माझी."

मी दारात उभी राहिले. चौकटीच्या अलीकडे.

आई भिंतीला टेकून बसली होती. तिच्यासमोर, माझ्याकडे पाठ करून, कुणीतरी जेवत होतं. शाळेचा ड्रेस. दोन वेण्या, लाल रिबिनी, आईने सकाळी माझ्या घातल्या तशाच. ताटाची कड उजेडात होती आणि तिच्यावर कोरलेलं नाव मला इतक्या लांबूनही वाचता येत होतं.

ती काही तरी म्हणाली. मला ऐकू आलं. स्वच्छ, पुरा आवाज. माइकसमोर एकदाच निघालेला तो. आई तिच्या तोंडाकडे बघून खळखळून हसली. इतक्या दिवसांत आई अशी हसली नव्हती. तिच्या बांगड्या वाजल्या.

मी 'आई' म्हणाले. माझे ओठ हलले, मला कळलं. बाकी काही झालं नाही. मी दाराच्या चौकटीवर हात आपटला. आईला ते कसं ऐकू जाणार?

पण उजेड हलला असेल. आईने मान वर केली आणि मला बघितलं. सरळ माझ्या तोंडाकडे. मी पुन्हा म्हणाले, आई, मी पुनम, आई, आणि मला माहीत आहे, मी प्रत्येक अक्षराला तोंड पुरं उघडलं.

आईने डोक्यावरचा पदर नीट केला, परक्या माणसासमोर करतात तसा. घास हातातच धरला. चेहऱ्यावर दारात आलेल्या कुणासाठीही येतं तेवढं हसू आलं.

"या बाई," ती म्हणाली. "या जेवाया."

पाठमोऱ्या वेण्या थांबल्या. चावणं थांबलं. तीही वाट बघत होती.

आत यायला मी पाऊल उचललं. मी आत जाणारच होते. पण बोलावलं तर माणसाला काही तरी म्हणावं लागतं, आणि माझ्या तोंडी एकच वाक्य दिलेलं होतं. ओठ आपोआप गोल झाले, मग फाकले.

आईने ते वाचलं आणि मान डोलावली. मान दिला गेला होता. तिने हातातला घास समोरच्या ताटात ठेवला आणि पुन्हा तिच्या ओठांकडे बघायला लागली.